बूच लावलं का?

"पाहुणे, ट्रेलर उजवीकडे न्यायचाय ना? मग स्टिअरिंग डावीकडे फिरवा. आणि घाई नको, तळं काही पळून जात नाहीये."

धाकट्या बहिणीचा नवरा घामाघूम होऊन गाडी मागे घेत होता. मागे ट्रेलर, ट्रेलरवर नवीकोरी मोटारबोट. रविवारची सकाळ असल्यामुळे वरपर्यंत बोटींची रांग लागली होती. उताराच्या तळाशी, पाण्याच्या काठावर, रबरी बूट घालून थोरली उभी होती. एकवीस वर्षं ती या सार्वजनिक उतारावर लोकांच्या बोटी पाण्यात उतरवत होती. स्वतःची बोट घेणं काही तिला जमलं नव्हतं.

प्रत्येकाला ती एक प्रश्न हमखास विचारायची, "बूच लावलं का?" बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, अंगठा जाईल एवढं एक भोक असतं. बोट बाहेर काढली की बूच काढायचं, म्हणजे आत साठलेलं पाणी वाहून जातं. पाण्यात उतरवण्याआधी ते आठवणीने परत लावायचं. नवखी माणसं नेमकी तिथेच चुकतात.

ट्रेलर जवळ आला. भोक उघडं होतं.

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात धक्क्यावरून वडिलांचा आवाज आला. ते शेजारच्या माणसाला सांगत होते, "माझ्या धाकटीची बोट. मला म्हणाली, बाबा, पहिले तुम्ही बसायचं. अहो, एवढं कोण करतं आजकाल?"

थोरलीने तोंड मिटलं. आठ दिवस हेच चाललं होतं. बाबा राहायचे तिच्याकडे. सकाळच्या गोळ्या ती द्यायची, पायांची नखं ती कापायची, अंघोळीला पाट ती मांडायची. आणि कौतुक कुणाचं, तर महिन्यातून एकदा फळांची पिशवी घेऊन येणाऱ्या धाकटीचं.

भिजू देत जरा, तिच्या मनात आलं. बोट पाण्याला लागली की सांगू.

बोट पाण्याला लागली. धक्क्याला बांधली की सांगू.

ती बांधून झाली. पाहुणे ट्रेलर घेऊन वर गेले. धाकटीने बाबांचा हात धरला. "सावकाश हं, बाबा. ताई, बघ ना, कसे नवरदेवासारखे निघालेत."

"तू गप गं," बाबा म्हणाले आणि लाजून हसले. इतकं मोकळं हसताना थोरलीने त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. बाबा बोटीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी पायाखाली पाहिलं.

"अगं, माझी चप्पल भिजली."

थोरली कंबरभर पाण्यात शिरली. बोटीच्या मागे वाकून तिने भोकावर तळहात दाबून धरला. "पाहुण्यांना हाक मार," ती धाकटीला म्हणाली. "बूच गाडीत राहिलंय."

पाहुणे धापा टाकत बूच घेऊन आले. थोरलीने पाण्याखाली चाचपून ते फिरवून घट्ट बसवलं. धाकटीने मगने पाणी उपसलं.

"ताई, तुम्ही होता म्हणून वाचलो," पाहुणे ओशाळून म्हणाले. "पाण्याखालचं भोक तुम्हाला दिसलं कसं?"

"मी आधीच पाहिलं होतं."

"घारीची नजर आहे आमच्या ताईची," धाकटी म्हणाली.

"तसं नाही. बोट ट्रेलरवर होती तेव्हाच पाहिलं होतं. मी बोलले नाही."

धाकटी हसली. "चल, काहीतरीच. चेष्टा सुचतेय तुला." तिने दोर सोडायला घेतला.

बाबा हसले नाहीत. त्यांनी थोरलीच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. पाहुण्यांनी बोटीत चढून इंजिन सुरू केलं.

बोट तळ्याच्या मधोमध निघाली. धाकटी हात लांब करून पलीकडचा किनारा दाखवत होती. बाबा दोन्ही हातांनी काठ धरून बसले होते आणि मान मागे वळवून उताराकडेच पाहत होते. ते ठिपक्याएवढे होईपर्यंत थोरली तिथेच उभी राहिली. रांगेतल्या कुणीतरी हॉर्न वाजवला. तशी ती उतार चढून वर आली, आणि तिच्या कपड्यांतून निथळणारं पाणी सिमेंटवरून वाट काढत पुन्हा तळ्यात जाऊ लागलं.