तीन दुकानांचा चहा

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना, चौकोनी डबा आहे. माझ्यावर फुलांचं किंवा जहाजाचं चित्र नाही. कुणाचं नावही नाही. हाँगकाँगमधल्या शाम शुइ पो भागातल्या एका पत्रेकाराने रॉकेलचे डबे उलगडून, पत्रा ठोकून सपाट केला, कडा दुमडल्या, सांधे कथलाने बंद केले आणि मी तयार झालो. मला घेणाऱ्या गिऱ्हाइकाने झाकण उघडून आत नाक घातलं आणि मला दोनदा परत पाठवलं. "अजून रॉकेल येतंय," एवढंच तो म्हणाला. चहाची पानं आजूबाजूचा वास शोषून घेतात. त्यामुळे त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण तेव्हा मला फार अपमान वाटला होता.

ते गिऱ्हाईक म्हणजे फंग उस्ताद. कापडबाजाराच्या गल्लीत त्यांची हिरवी लोखंडी टपरी होती. शिलाई कारखान्यांतले कामगार, हमाल, शिंपी, सगळे तिथे दुधाचा चहा प्यायला येत. चहा कडक हवा, एवढा की कपातलं डबाबंद आटवलेलं दूधही त्याला फिका करू शकणार नाही, अशी त्या गल्लीची मागणी असे. उस्ताद उकळता चहा लांब कापडी गाळणीतून या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतत आणि पुन्हा ओतत. पण खरं काम त्याच्या आधी, माझ्या पोटात होई.

चहा एका प्रकारच्या पानांचा नसे. जाड पान वासासाठी, मध्यम तुकडे दाटपणासाठी आणि भुकटी रंगासाठी व तुरटपणासाठी. पान जितकं बारीक, तितकं ते पाण्याला जास्त बाजूंनी भिडतं आणि तितक्या लवकर सगळं सोडून देतं. या तिघांचं प्रमाण हेच प्रत्येक टपरीवाल्याचं गुपित. उस्ताद तीन प्रकार तीन वेगवेगळ्या दुकानांतून आणत, म्हणजे कुणाही एका व्यापाऱ्याला पूर्ण मिश्रण कळू नये. पुड्या माझ्यात रिकाम्या करताना ते गल्लीकडेच नव्हे, तर बायकोकडेही पाठ करत. तिचं नाव लाइ-कुन. "चहा माझा, पाव तुझा," अशी त्यांनी लग्नानंतर वाटणी केली होती आणि तिने ती कधी मोडली नाही. ती निखाऱ्यावर पाव भाजत असे, कप विसळी, पैसे घेई. स्वतः मात्र गरम पाणीच पिई. दूध तिला सोसत नसे.

त्या मिश्रणाचा पूर्ण वास जगात दोघांनाच माहीत होता. एक उस्ताद आणि दुसरा मी.

एका हिवाळ्यात उस्ताद गेले. सकाळी टपरीची फळी उचलताना खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यानंतर टपरी बंद राहिली आणि मी तळाशी थोडासा चहा घेऊन अंधारात बसून राहिलो. माझं झाकण कुणी उघडत नव्हतं. डब्याला एकटेपणा कसा कळतो, असं तुम्ही विचाराल. वास बाहेर जाण्यासाठी कुणीतरी झाकण उघडावं लागतं, एवढंच सांगतो.

चिंगमिंगच्या दिवशी लोक आपल्या माणसांची थडगी झाडायला डोंगरावर जातात. लाइ-कुनने त्या पहाटे माझ्यातला उरलेला सगळा चहा, अगदी मला उपडा करून, ठोकून, भांड्यात घेतला. कडक चहा करून थर्मासात भरला आणि मलाही पिशवीत घालून नेलं. थडग्यासमोर तिने कप मांडला, त्यात आधी दूध, मग चहा. "तिथे तुम्हाला असा कोण करून देणार," ती म्हणाली आणि कप मातीवर ओतला. परत येताना, उतरणीवर, ती एकदम थांबली. तिने मला पिशवीतून काढलं, झाकण उघडलं आणि माझ्या आत बघत राहिली. नमुन्यापुरतीही चिमूट उरली नव्हती. ज्याच्याशी ताडून बघायचं, तेच तिने वाहून टाकलं होतं.

तिची बहीण म्हणत होती, टपरी विकून टाक आणि माझ्याकडे राहायला ये. लाइ-कुनला ते नको होतं. त्या गल्लीत तिचं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं होतं. शरदाच्या पौर्णिमेला येणाऱ्या मध्यशरद सणापर्यंत चहा जमला तर टपरी चालू, नाहीतर बंद, असं तिने बहिणीला सांगून टाकलं.

मला घेऊन ती तिन्ही दुकानांत गेली. प्रत्येक दुकानदाराने मला हुंगलं आणि प्रत्येकाने एकच सांगितलं, उस्तादांचा खरा चहा आमच्याकडचाच, बाकीच्या दोघांची नुसती भर. बंदराजवळच्या दुकानातल्या याउ म्हाताऱ्याने तर डोळे पुसले. तिघांनीही पुड्या बांधून दिल्या आणि भाव नेहमीचाच लावला.

त्या पुड्या माझ्यात रिकाम्या झाल्या, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ओळखीचे पाहुणे येणार म्हणून दार उघडावं आणि भलतीच माणसं आत यावीत, तसं. पानं लांब होती, हलकी होती, त्यांना फुलांचा मंद वास होता. माझ्या पत्र्याला सवय होती ती खरखरीत, काळ्या, नाकाला झोंबणाऱ्या मालाची. पण मी डबा. सांगणार कसा?

लाइ-कुनने टपरी पुन्हा उघडली आणि प्रमाण बदलून पाहिलं. भुकटी वाढवली, जाड पान कमी केलं, जास्त वेळ उकळलं. चहा करून ती गरम गरम घोटभर चाखायची, तसाच, दुधाशिवाय. चव छानच लागे. तरी कप अर्धे परत येत. इप नावाचा शिंपी उस्तादांचा जुना मित्र. तो रोज म्हणे, "छान झालाय, वहिनी," आणि रोज अर्धा टाकून जाई. लाइ-कुनला वाटे, त्याला उस्तादांची आठवण येत असेल, घशाखाली उतरत नसेल. गिऱ्हाइकं कमी होत गेली. दुपारी टपरीवर फक्त भट्टीचा आवाज यायचा.

मग एक दिवस कारखान्यात नव्याने लागलेली एक मुलगी आली. तिने उस्तादांना कधी पाहिलंच नव्हतं. तिनेही कप अर्धा ठेवला. लाइ-कुन उठून तिच्याजवळ गेली आणि खरं काय ते सांग म्हणाली.

"रागावू नका हं, काकू," मुलगी म्हणाली, "पण यात नुसतं दूधच लागतंय. चहा कुठे आहे?"

लाइ-कुनने तो अर्धा कप उचलला. या मुलीला तर कुणाची आठवण येत नव्हती. म्हणजे दोष चहाचाच होता. तिने एका कपात नुसता चहा घेतला, दुसऱ्यात दूध घालून, आणि दोन्ही चाखले. पहिला सुवासिक. दुसऱ्यात खरंच काही नव्हतं. त्या संध्याकाळी तिचं पोट दुखलं, पण तिला कळायचं ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत मी आणि दुधाचा डबा, असे दोघे शेजारी बसून याउच्या दुकानात गेलो. याउने नेहमीसारखा चाखायला कोरा चहा पुढे केला. लाइ-कुनने त्यात दूध ओतलं.

"अहो ताई, चहा असा चाखत नाहीत," याउ दचकून म्हणाला. "दुधाने सगळं झाकून जातं."

"माझी गिऱ्हाइकं दुधासकटच पितात. उस्ताद न्यायचे तोच माल आहे का हा?"

काउंटर पुसलेलंच होतं, ते याउने पुन्हा पुसलं. मग हळूच सांगितलं, की तो नाही. उस्ताद न्यायचे तो माल अगदी खालचा, चहाच्या मळ्यात शेवटी चाळून उरणारा. नवरा गेलेल्या बाईला पहिल्याच खेपेला तो कसा द्यायचा? त्याने तिला वरचा माल दिला होता, त्याच भावात, आणि दर वेळी तोच देत राहिला होता. बाकीच्या दोघांनीही तेच केलं असणार, असं तो म्हणाला.

"तुम्ही तिघांनी मिळून माझी टपरी बुडवायला घेतली होती," लाइ-कुन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मला चांगला चहा नको. मला वाईट चहा द्या."

याउने मागच्या खोलीतून एक पोतं ओढत आणलं. त्याचं तोंड सुटलं आणि मी ओळखलं. लाइ-कुनने त्याचा कोरा घोट घेतला तशी तिची जीभ आखडली, डोळे मिटले. मग दूध घातलं. दूध चहातला तुरटपणा धरून ठेवतं. जेवढा त्याला हवा तेवढा ते घेतं, आणि त्याच्यावर जो उरतो, तोच आपल्या जिभेला लागतो. कपाचा रंग विटेसारखा झाला. तिने पुन्हा घोट घेतला, मग आणखी एक. याउ तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"हा," ती म्हणाली.

उरलेल्या दोन दुकानांतही ती अशीच दूध घेऊन गेली. प्रमाण तिचं तिनेच ठरवलं. मध्यशरद सण जवळ आला होता, गल्लीत कागदी कंदील लागले होते. इप शिंपी आला, बसला, प्यायला. कप तळापर्यंत रिकामा झाला.

"हा आपल्या फंगचा नाही, वहिनी," तो म्हणाला.

"नाही. माझा आहे."

"त्याच्यापेक्षा जरा भांडखोर आहे." त्याने कप पुढे सरकवला. "अजून एक द्या."

टपरी चालू राहिली. पण इप बरोबर बोलला होता. उस्ताद जाड पान जरा जास्त घालत, त्याने शेवटी एक गोडसर वास मागे राही. लाइ-कुनच्या चहात तो नव्हता. तो वास ओळखणारा आता मी एकटाच आहे. काही वर्षांनी माझ्या सांध्यांना गंज लागला, तिने नवा डबा घेतला आणि मला घरी आणलं. आता माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. ती मला रोज उघडते, चिमटे काढते आणि बंद करते. माझं वाईट काही चाललेलं नाही. फक्त विचारणारं कुणी नाही.

म्हणून मित्रांनो, एक सांगतो. कुणाचं माणूस गेलं की मागे राहिलेल्याला आपल्याकडचं सगळ्यात चांगलं द्यावं, असं तुम्हाला वाटेल. ते वाटणं चुकीचं नाही. याउ म्हातारा वाईट नव्हता, तिघांपैकी कुणीच नव्हतं. पण द्यायच्या आधी त्याच्या शेजारी जरा बसा आणि विचारा, तुला काय लागतं? तो मागेल ते तुम्हाला हलक्या प्रतीचं वाटेल, खरखरीत वाटेल, द्यायला लाजही वाटेल. तेच द्या.