तीन खिडक्यांचं माप

मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांची शटरं बसवली. दुकानं, गोदामं, दवाखाने. त्या भागात जे काही गडगडत वर-खाली होत होतं, त्यातल्या निम्म्याला त्यांचा हात लागलेला. स्वतःच्या घराच्या पाच खिडक्यांनाही त्यांनीच शटरं केली होती, तीस वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी. घर पश्चिमेकडे तोंड करून, मोठ्या रस्त्याला लागून. दुपारनंतर ऊन आणि धूळ दोघं हातात हात घालून आत यायची. बाजूचा जाड पट्टा ओढला की शटर वर जायचं, सैल सोडला की खाली.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा कामातून गेला. हात डोक्याच्या वर न्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बायकोच्या मनगटात तेवढा जोर नव्हता. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून वाकून तिची पाठ आधीच बोलू लागली होती. मग शटरं हळूहळू खालीच राहू लागली आणि घरात भरदिवसा दिवे लागले.

लेक लांब नोकरीला होती. ती फोनवर दर आठवड्याला तेच म्हणायची, "आई, मोटरची शटरं बसवून घ्या. बटण दाबलं की झालं."

"शटर आहे का लिफ्ट?" मिस्त्री आपल्या खुर्चीतून म्हणायचे, आणि विषय तिथेच संपायचा.

एके दिवशी त्या अंधारात बायको टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली आणि भुवईला चार टाके पडले. मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःहून बारक्याला फोन लावला.

बारक्या म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेला कारागीर. आला तेव्हा काडीसारखा होता, म्हणून बारक्या. आता पन्नाशीला टेकला होता, वजन नव्वदच्या पुढे, स्वतःचं वर्कशॉप, हाताखाली सहा माणसं. पण नाव काही सुटलं नव्हतं.

तो संध्याकाळी शटरच्या पट्ट्यांचे नमुने घेऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर ते मांडून बसला. मिस्त्रींनी एकेक पट्टी उचलली, अंगठ्याने दाबली, कानाजवळ नेऊन टिचकी मारली. पत्र्याची बाजूला सारली. "ही उन्हात तापून कुरकुरणार. आत फोम भरलेली ॲल्युमिनियमची घे. वजन कमी, मोटर लहान चालेल, तिथे पैसे वाचतील."

"मीही तेच म्हणणार होतो," बारक्या म्हणाला.

बायको बघत राहिली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजाला अशी धार आली होती.

बॅटरीवर चालणारी मोटर बसवायला सोपी, भिंत फोडायला नको, पण महाग. वायरची स्वस्त, पण भिंतीला चर पाडावा लागणार. बारक्याने वायरचा भाव एका खिडकीला एकतीस हजार सांगितला, मग मिस्त्रींकडे बघून तीस केला. तिच्या शिवणाच्या पैशांतून बाजूला पडलेले होते एक लाख आणि वर थोडे. लेक उरलेले द्यायला तयार होती, पण मिस्त्रींनी हात आडवा केला. "तिचं घर अजून उभं राहायचंय. आपण तीन करू."

"कुठल्या तीन?" तिने विचारलं.

"झोपायच्या खोलीची, बाहेरच्या खोलीची, आणि तुझ्या मशीनजवळची. बाकी दोन राहू देत."

मशीनजवळची त्यांनी आपणहून म्हटली, याचं तिला बरं वाटलं. शिवणकाम तिने केव्हाच कमी केलं होतं, तरीही.

"वीज गेली तर?" मिस्त्रींनी विचारलं.

"हाताने फिरवायचा दांडा येतो सोबत. आधीच धरलाय भावात."

"ते ठीक." मग ते रंगाबद्दल बोलले, बटण भिंतीवर हवं की रिमोट यावर बोलले. आणि पुन्हा म्हणाले, "पण वीज गेली तर?"

"दांडा आहे, मिस्त्री. हाताने फिरवायचा."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हाही बारक्याने पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर दिलं. ती उठून पाणी आणायला गेली. माणूस म्हातारा झाला की एखादी गोष्ट दोनदा विचारतोच, असं तिने वर्षभर स्वतःला समजावलं होतं.

"माप मी घेणार," मिस्त्री म्हणाले. "उद्या कागद देतो तुला."

"तुमच्याशिवाय कोण घेणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळभर त्यांनी मापं घेतली. पोलादी टेप लावायचा, डोळा बारीक करायचा, कागदावर लिहायचं. कागद त्यांनी दोनदा स्वच्छ उतरवला. एक स्वतःच्या खिशात ठेवला, एक तिला दिला. "बारक्याला पोचव. आणि सांग, एकदा कापलं की परत घेत नाहीत, म्हणून दोनदा बघितलंय."

कागद पिशवीत ठेवताना तिची नजर आकड्यांवर गेली. झोपायच्या खोलीची खिडकी एकशे चौऱ्याऐंशी रुंद. तिने त्या खिडकीला तीन वेळा पडदे शिवले होते. तिला ते माप तोंडपाठ होतं.

मिस्त्री आंघोळीला गेल्यावर तिने शिवणाच्या डब्यातला टेप काढला. एकशे अठ्ठेचाळीस रुंद, एकशे एकवीस उंच. कागदावर एकशे चौऱ्याऐंशी आणि एकशे बारा. मशीनजवळच्या खिडकीचे आकडे असेच इकडचे तिकडे झालेले. बाहेरच्या खोलीची तर रुंदीच्या जागी उंची होती. तिने पुन्हा मोजलं. मग टेप हातात तसाच धरून ती पलंगाच्या कडेला बसली. याच माणसाने कधीकाळी तिच्या शिवणात खोट काढली होती, अर्धा दोरा इकडे झाला म्हणून.

ती कागद घेऊन वर्कशॉपवर गेली. पत्रे कापण्याच्या आवाजाने कानठळ्या बसत होत्या. बारक्याने तिला मागच्या लहान खोलीत नेलं, दार लावलं. कागद बघून त्याने नुसती मान हलवली.

"सगळी चुकलीत," ती म्हणाली.

"हो, वहिनी."

"तुला नवल नाही वाटलं?"

त्याने कागदाची घडी घातली. "मिस्त्री इथे येतात अधूनमधून. तुम्हाला सांगतात फिरायला जातो म्हणून. गेल्या महिन्यात आले आणि म्हणाले, मालक कुठे आहेत, आज पगार आहे. आम्ही दोघं ज्यांच्याकडे कामाला होतो, ते जुने मालक जाऊन बारा वर्षं झाली. मी त्यांना घराच्या वळणापर्यंत सोडलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कुठल्या तोंडाने सांगू? ज्यांनी हातात पक्कड धरायला शिकवलं..."

तिला राग आला होता, पण तो त्याच्यावर टिकेना. चष्मा फ्रिजमध्ये सापडला तेव्हा तीही हसली होती. लेकीचा फोन आला की मिस्त्रींना अडलेला शब्द तीच पुरवायची. झाकायचं काम तिने बारक्याहून जास्त केलं होतं.

दोघांनी ठरवलं. बारक्या दोन दिवसांनी वायरिंग बघायच्या निमित्ताने आला. तिने मिस्त्रींना जुने फोटो बघायला बसवलं आणि त्याने गुपचूप तिन्ही खिडक्या मोजून नेल्या.

शटरं तीन आठवड्यांनी आली. सकाळपासून भिंतीला चर पाडले, खोकी फोडली, दुपारपर्यंत पहिलं शटर चौकटीत बसलं. कुठे फट नाही, कुठे घासणं नाही. बारक्याने बटण दाबलं तसं ते वर सरकत गेलं आणि झोपायच्या खोलीत ऊन पसरलं. मिस्त्रींनी कडेवरून बोट फिरवलं.

"अगदी बरोबर बसलंय," ते म्हणाले. "मापच तसं होतं."

"तर काय," बारक्या म्हणाला.

मिस्त्री रिकामं खोकं बाजूला ठेवायला वाकले. खोक्यावर चिठ्ठी होती, त्यावर कापलेलं माप. त्यांनी ती वाचली. मग सावकाश चष्मा चढवला आणि तेव्हापासून खिशात जपलेला स्वतःचा कागद काढला.

त्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी धरले.

"ही माझी मापं नाहीत," मिस्त्री म्हणाले.

"कापताना थोडी सूट धरावी लागते, मिस्त्री. नवीन पद्धत आहे."

"छत्तीस सेंटिमीटरची सूट?" त्यांचा आवाज शांत होता. "बारक्या, मी तुला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. तुला जमतही नाही."

मिस्त्री बायकोकडे वळले. "तू मोजलंस?"

"हो."

"तिन्ही चुकली?"

तिला नाही म्हणायचं होतं. "तिन्ही," ती म्हणाली.

ते पलंगावर बसले. कागद त्यांनी मांडीवर सरळ केला आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून पाहिलं, जणू एखादा तरी आपला निघेल. "मी दोनदा बघितलं होतं गं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा हेच दिसलं."

ती त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांच्या बाहीवरचा भिंतीचा चुरा झटकला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "डॉक्टरकडे जायचं असेल तर जाऊ. लेकीला तू सांग. मला नाही सांगता यायचं." मग बारक्याला म्हणाले, "आणलेली बाकीची दोन लाव. काम अर्धं टाकून उठायचं नाही."

डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिला आधीच ठाऊक होतं, फक्त त्याला आता नाव मिळालं. उरलेल्या दोन खिडक्यांसाठी ती पुन्हा पैसे साठवणार होती. ते पैसे तपासण्यांत गेले, मग दिवसा त्यांना सांभाळायला येणाऱ्या बाईंच्या पगारात. लेकीने सुट्टी घेतली, महिनाभर राहिली, रडून परत गेली. स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत दिवा लावूनच वावरावं लागे.

बारक्या दर रविवारी येऊ लागला. वर्कशॉपमधली अडचण सांगायचा, खरी किंवा रचलेली. मिस्त्री ऐकायचे आणि स्प्रिंगला किती पीळ द्यायचा ते अचूक सांगायचे. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला एका रविवारी त्यांनी सगळं नीट समजावलं आणि शेवटी आपुलकीने विचारलं, "तुम्ही काम कुठे शिकलात? हात चांगला दिसतो."

"एका चांगल्या मिस्त्रींकडे," बारक्या म्हणाला.

"नशीब लागतं," मिस्त्री म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

ती त्याला सोडायला फाटकापर्यंत आली. त्याने स्कूटरला किल्ली लावली, पण सुरू केली नाही. रस्त्यावरून दोन ट्रक गेले, धूळ खाली बसली.

"पुढच्या रविवारी जरा लवकर ये," ती म्हणाली. "सकाळी त्यांना बरं असतं."