बोटभर आखूड

मी पाहुण्यांची खुर्ची बोलतेय. बसा. माझ्यावर नको, दुसरीकडे कुठंही बसा आणि मग ऐका. माझ्यावर बसलेल्या माणसाचं हल्ली कशातच लक्ष लागत नाही.

गोड बोलायचा माझा विचार नाही, हे आधीच सांगून टाकते. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गरीब स्वभावाच्या निघतात. छत्री असो की फाटकं पुस्तक, शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी त्यातली नाही. मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता. बराचसा घेऊन झालाय, थोडा राहिलाय.

माझा जन्म काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात झाला. खाली भट्टी आणि वर मालकांची खोली. भट्टी कधी विझू द्यायची नसते. ती एकदा थंड पडली की आतली काच वितळवायची कुंडं तडकतात आणि सगळं नव्यानं बांधावं लागतं. त्यामुळे वरच्या खोलीची फरशी बाराही महिने कोमट असायची.

थोरल्या मालकांनी सुताराला वर बोलावलं आणि म्हणाले, "समोर बसणाऱ्यासाठी खुर्ची कर. माझ्या खुर्चीपेक्षा चांगली हवी."

"तुमच्यापेक्षा चांगली? ती का?"

"मी काय, रोजचाच इथं. तो लांबून येतो. आणि हे बघ, बसल्यावर त्याला उठावंसं वाटलं तर खुर्ची परत घेऊन जायची."

सुतारानं मला शिसमाची घडवली. रुंद सपाट बैठक, कमरेला नीट आधार देणारी पाठ आणि चार सारखे पाय. सारखे हे मुद्दाम सांगतेय. फरशीवर ठेवून त्यानं माझे चारही कोपरे तळहातानं दाबून पाहिले आणि मी हूं की चूं केलं नाही.

मग माझ्यावर लोक बसू लागले. वाळूवाला, खोकीवाला, लांबलांबचे व्यापारी. तुम्ही माणसं म्हणता ना, अमक्यावर माझा विश्वास बसला? तो कसा बसतो ते मी खालून पाहिलंय. माणूस आधी अगदी कडेवर टेकतो, पिशवी मांडीवर आवळून धरतो. थोड्या वेळानं पिशवी खाली जाते. मग एक पाय पुढे सरकतो. सगळ्यात शेवटी पाठ टेकते. त्यानंतरच्या बोलण्याला काही अर्थ असतो. समोरच्याची पाठ टेकेपर्यंत थोरले मालाच्या भावाचा विषय काढत नसत. मुलंबाळं, रस्ता, गुडघेदुखी असं काहीबाही बोलत राहत.

एकदा मात्र त्यांचीही फजिती झाली. डोंगरापलीकडच्या मुलखातून एक बाई आल्या. खोकल्याचं औषध बनवायच्या, त्यांना बाटल्या हव्या होत्या. आपली भाषा त्यांना जेमतेम येत होती. थोरल्यांनी भाव सांगितला. बाई गप्प. थोरल्यांनी घसा खाकरला. बाई गप्पच. थोरल्यांना घाम फुटला आणि त्यांनी भाव थोडा उतरवला. तरी बाईंचा शब्द नाही, म्हणून आणखी उतरवला.

तेव्हा बाई म्हणाल्या, "मी विचार करत होते. तुम्ही भाव का खाली आणला? पहिला खोटा होता?"

थोरल्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग ते खो खो हसायला लागले. "खोटा नव्हता हो ताई. मी घाबरलो."

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे मोठ्या गोष्टीला पटकन होकार देणं हलकेपणाचं मानतात. समोरच्याचं बोलणं घरी नेल्यासारखं मनात न्यायचं, तिथं फिरवून बघायचं आणि मग उत्तर द्यायचं. तोवर तोंड उघडायचं नाही, आणि समोरच्यानंही उघडायचं नाही. थोरल्यांनी हे ऐकलं आणि पहिल्या भावावर हात मिळवला. बाई माझ्यावर पाठ टेकून बसल्या होत्या, मला चांगलं आठवतंय.

पुढे दरवर्षी त्या यायच्या. थोरल्यांना भाऊ म्हणायच्या, थोरल्यांचा मुलगा बाईंना आत्या म्हणायचा. दोघं समोरासमोर बसून एवढी शांतता पाळत की खालून कारागीर विचारायला येत, मालक बरे आहेत ना? कारखान्याचा अर्ध्याहून जास्त माल बाईंकडे जायचा. त्यांनी हात काढून घेतला तर भट्टी विझणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या हात काढून घेतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

थोरल्यांचे गुडघे जिना चढेनासे झाले तेव्हा त्यांचा मुलगा वर येऊन बसला. लोक त्याला धाकटे मालक म्हणतात. मी धाकटा म्हणते, आणि तेही नाइलाजानं.

त्यानं कुठंतरी जाऊन सौदे कसे करावेत याचं शिक्षण घेतलं होतं. समोरचा अवघडला की लवकर सही करतो, एवढंच त्यातलं त्याच्या लक्षात राहिलेलं. आत्याच्या गप्प बसण्याचाही त्यानं वेगळाच अर्थ लावला होता. फोनवर एका मित्राला सांगत होता, "बाबांना ती गप्प बसून बसून गुंडाळते रे. म्हातारीचा तो डावच आहे."

माझे पुढचे पाय आखूड करायचं त्याच्या मनात आलं, पण सुतारानं करवत लावायला साफ नकार दिला. म्हणून एका सुट्टीच्या दुपारी धाकट्यानं मला स्वतः उलटी केली. पुढच्या दोन पायांवर पेन्सिलीची खूण केली आणि कापायला लागला. बोटभरच. करवत धरायचीही अक्कल नव्हती, मध्येच अडकायची, मग तो हिसके द्यायचा. भुसा त्यानं पायानं सतरंजीखाली ढकलला. मला सुलटी केली, लांबून पाहिलं आणि म्हणाला, "आता बघू कोण ठाण मांडून बसतंय."

माझं काय झालं असेल ते विचारा तरी. माणसाला बसता यावं म्हणून मला केलेलं. आता जो बसे तो पुढे घसरे. घसरतोय हे त्याला कळतही नसे, नुसती मांडी भरून येई, कंबर धरे, जीव कासावीस होई. वाळूवाल्यानं पिशवी खाली ठेवलीच नाही. घासाघीस न करता सही केली आणि सुटल्यासारखा पळाला. धाकटा टेबलामागे खूश. पण पूर्वी हाच वाळूवाला आपणहून सांगायचा, या खेपेला माती जास्त आलीय, दोनदा धुऊन घ्या. आता तो मुकाट्यानं माल टाकून जाऊ लागला. खोकीवाला तर स्वतः यायचाच बंद झाला. पाठ टेकलेला माणूस त्या खोलीत पुन्हा दिसला नाही, आणि धाकट्याला त्याचं काही वाटलंही नाही.

मी मात्र बाईंची वाट बघत होते.

त्या आल्या. आता थकल्या होत्या, काठी टेकत जिना चढल्या. धाकटा उठला आणि म्हणाला, "या मॅडम, बसा."

"मॅडम? आत्याचं काय झालं?"

"नाही, म्हणजे, कामाच्या वेळी काम."

बाई माझ्यावर बसल्या. आणि इथं मला माझ्या शहाणपणाचं कौतुक सांगितलंच पाहिजे. सतरंजीला बरोबर माझ्या पुढच्या पायांखाली जाड घडी पडली होती. तिच्यावर मी कशीबशी तोल धरून उभी होते. बाईंना काही जाणवलं नाही. हवं तर मी शेवटपर्यंत त्यांना तशीच सांभाळू शकले असते.

धाकट्यानं आपलं म्हणणं मांडलं. वाढीव भाव आणि पुढच्या कित्येक वर्षांचा बांधील करार. बाई गप्प बसल्या. मी त्यांना ओळखून होते. त्यांना राग आला नव्हता. त्या मनात हिशेब करत नव्हत्या, भावाच्या मुलाचा विचार करत होत्या. त्यांचा हात सैल झाला, काठी टेबलाला टेकली, खांदे खाली आले. पाठ माझ्याकडे येऊ लागली. त्या हो म्हणणार होत्या. पाठ टेकली असती तर हो आलंच असतं, आणि धाकटा जन्मभर म्हणत राहिला असता, बघा, माझी युक्ती.

मी ती घडी सोडून दिली.

बाई एकदम पुढे घसरल्या आणि त्यांचा गुडघा टेबलावर आपटला. धाकट्याच्या ओठांवर हसू आलं. जेमतेम आलं आणि गेलं, पण बाईंनी ते पाहिलं.

त्या सावकाश उठल्या. "खुर्चीला काय झालं?"

"काही नाही. फरशी जरा उतरती आहे तिथं."

टेबलावर नमुन्याची बाटली होती. बाईंनी ती उचलली, कष्टानं वाकून फरशीवर आडवी ठेवली. बाटली जागची हलली नाही. मग तीच बाटली त्यांनी माझ्या बैठकीवर आडवी ठेवली. ती गडगडत पुढे आली आणि खाली पडली. फुटली मात्र नाही. माल चांगलाच होता, खोट खुर्चीत होती.

बाईंनी मला आडवं केलं आणि कापलेल्या टोकांवरून अंगठा फिरवला. बाकी सगळ्या अंगाला पॉलिश, तेवढंच लाकूड उघडं आणि खरबरीत.

"भाऊंना माहीत आहे?"

धाकटा गप्प. आयुष्यात पहिल्यांदा योग्य जागी गप्प बसला असेल, पण त्या शांततेचा अर्थ बाईंना लगेच लागला.

"बाटली चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण मी बसू कुठं?"

आणि त्या जिना उतरून गेल्या. काठीचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. मला इतका आनंद झाला होता की मी आडवी पडलेय याचंही भान नव्हतं.

धाकट्यानं घरी सांगितलं, म्हातारी अडून बसली. थोरल्यांना ते पटेना. एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं भिंत धरत, पायरी पायरीला थांबत ते वर आले आणि धापा टाकत पहिल्या दिसलेल्या खुर्चीवर बसले. माझ्यावर. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण सतरंजी सरळ केलेली होती. ते घसरले. हात खाली नेला, पाय चाचपला आणि तसेच बसून राहिले.

"किती जणांना बसवलंस हिच्यावर?"

"बाबा, सगळीकडे असंच चालतं."

"सगळीकडे आपली भट्टी आहे का?" मग म्हणाले, "ताईंकडे जा. एकटा जा. करार वगैरे काही बोलू नकोस. पाया पड आणि त्या बसवतील तिथं बस."

धाकटा गेला आणि परत आला. थोरले जिन्याखाली वाट बघत होते.

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. मी बोलत राहिलो, त्या बघत राहिल्या."

"बस तरी म्हणाल्या का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. थोरल्यांनी डोळे मिटून घेतले. मग कारागिरांना बोलावून भट्टी विझवायला सांगितली. काही दिवसांनी वरची फरशी गार पडली. जन्मात पहिल्यांदा माझे पाय गारठले. खाली कुंडं तडकण्याचा आवाज येत होता. कारागिरांचं मला वाईट वाटलं, थोरल्यांचं तर फारच वाटलं. ते नाकारत नाही. पण घडी सोडल्याचा पस्तावा विचाराल तर तो मला झालेला नाही.

आता सगळं सामान अंगणात विक्रीला मांडलंय. साचे, फुंकण्या, टेबल, कपाटं आणि मी. परवा धाकटा करवत घेऊन माझ्यापाशी आला. मागचेही पाय बोटभर कापतो, म्हणजे सपाट होईल, कुणाला कळणार नाही, असं म्हणाला. ऐकताय ना? मला सरळ करायला हा माझे उरलेले पायही कापणार होता!

थोरले बाजूलाच बाकावर होते. "ठेव ती करवत. विकायची तर सांगून विक. पाटी लिही."

धाकट्यानं पुठ्ठा घेतला आणि लिहिलं, 'या खुर्चीचे पुढचे पाय कापले गेले आहेत.'

थोरल्यांनी चष्मा लावून वाचलं. "कापले गेले? उंदरांनी का? नीट लिही."

त्यानं खोडलं. बराच वेळ पेन हातात धरून बसला. मग लिहिलं, 'या खुर्चीचे पुढचे पाय मी कापले आहेत.' आणि स्वतःच्या हातानं पाटी माझ्या पाठीला बांधली. त्या गाठीचा दाब मला अजून जाणवतो, आणि फार बरं वाटतं.

आता दिवसभर लोक येतात. माझी पाठ पाहून थांबतात, पाटी वाचतात, इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, "अहो, हा मी म्हणजे कोण?" थोरले बाकावरून मुलाकडे बघतात. धाकट्याला पुढे यावं लागतं. "मी," तो म्हणतो. "का हो कापलेत?" कुणीतरी विचारतंच. मग तेही सांगावं लागतं. काल वाळूवाला आला होता. त्यानं पाटी वाचली, आपली मांडी चोळली आणि काही न विचारता समोर उभा राहिला. तरी धाकट्याला सांगावं लागलंच.

म्हणून तुम्हाला एकच विनंती आहे. टेबल घ्या, कपाट घ्या, पितळेचे साचे मोडीच्या भावानं न्या. माझं लाकूड उत्तम आहे, सुतार भला होता, तुम्हाला मोह होईल, पण मला विकत घेऊ नका. पाटी वाचा आणि त्याला विचारा, हा मी म्हणजे कोण. आणि मोठ्यानं विचारा, तो हल्ली ऐकू न आल्यासारखं करतो.