पावडरीचं वाळवण

विजयमालाने गच्चीवर जुनं सुती लुगडं अंथरलं, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि शिवतेजचा परदेशी डबा त्यावर उपडा केला. व्यायामाच्या पावडरीला मुंग्या लागल्या होत्या. मुंग्या लागल्या की जिन्नस उन्हात घालायचा, हे ती साताऱ्याकडच्या माहेरी शिकून आली होती. रवा, तूरडाळ, शेंगदाणे, सगळ्यांना तोच कायदा. मग या पावडरीनेच काय वेगळं पुण्य केलं होतं? हाताने ती सारखी पसरून विजयमाला खाली भाकरी टाकायला गेली.

तूरडाळ वाऱ्याने उडत नाही, पावडर उडते. खाडीवरून वारा सुटला आणि ती पुन्हा वर आली तेव्हा लुगड्यावर फक्त मुंग्या उरल्या होत्या. पावडर कोपरखैरण्याच्या गच्च्या ओलांडून बोनकोड्याच्या दिशेने गेली होती.

तिने कपाळाला हात लावला. डबा महागाचा होता, पण तिला काळजी किमतीची नव्हती. गेल्या वर्षी ठाण्याच्या स्पर्धेत शिवतेजच्या छातीवर शंभर किलोचा बार अडकला होता. दोघांनी धावत येऊन तो उचलला, लोक हसले आणि तेव्हापासून शंभरचं नाव काढलं की पोराचा चेहरा उतरायचा. शंभर किलो म्हणजे बरोबर एक पोतं. त्याचा बाप शहाजी वाशीच्या धान्यबाजारात माथाडी होता, तसली पोती दिवसभर पाठीवरून वाहायचा. बाप वाहतो त्यातलं एक पोतं आपल्याला छातीवरून वर ढकलता येत नाही, हे शिवतेजला जेवताखाता डाचायचं. मग कुणीतरी हा डबा सुचवला. डबा घरात आला आणि पोरगा पुन्हा मान वर करून चालायला लागला. आता त्याला काय सांगायचं?

विजयमाला हातपाय गाळून बसणारी बाई नव्हती. तिने चण्याची डाळ खरपूस भाजली, नाचणी भाजली, दोन्ही मिक्सरमधून बारीक काढून वस्त्रगाळ केली. त्यात दुधाची पावडर, पिठीसाखर आणि वाण्याकडचा कोको मिसळला. चव घेतली. जवळजवळ तीच. पण चणा पोटाला बाधतो, आणि बाधेल असं काही पोराला देणं तिच्या हाताला जमेना. तिने चमचाभर सुंठ टाकली.

संध्याकाळी शिवतेजने पेला तोंडाला लावला आणि थांबला.

"आई, आज वास वेगळा येतोय."

"डबा खाली जाईल तसा वास बदलतोय," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "मसाल्याचं पण तसंच आसतंय."

ते त्याला पटलं. इतकं पटलं की बोनकोड्याच्या जिममध्ये त्याने सगळ्यांना सांगितलं, परदेशात ताकद मुरायला डब्याच्या तळाशी सुंठ घालतात. तिथले उस्ताद फजलभाई पनवेलकडचे, बोलायला मोजके. त्यांनी शिवतेजने पुडीतून नेलेली पावडर चिमूटभर जिभेवर ठेवली, त्याच्याकडे पाहिलं आणि "चांगली आहे, चालू ठेव" म्हणाले. हे त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा विजयमालाने घाईघाईने डब्याचं झाकण घट्ट लावलं.

पण बार वर जायला लागला होता. आधी ऐंशी, मग नव्वद. डबा फार पुरतो, असं शिवतेज कौतुकाने म्हणायचा. तो जिमला गेला की विजयमाला त्यात भर घालायची. शहाजीला मात्र या सगळ्याचं हसू यायचं.

"मी काय पावडर पिऊन पोती उचलतोय व्हय?"

"आणि तुमचा पंचा?" विजयमाला म्हणाली. "विरून जाळी झाली त्याची. धुऊन वाळला न्हाई म्हणून त्या दिवशी कामावर गेला न्हाईत. त्यात कुठली ताकद हाय?"

शहाजीने पंचा खुंटीवरून काढला, झटकला आणि डोक्याला बांधला.

यंदाच्या जिल्हा स्पर्धेत शंभर किलोचा बार शिवतेजच्या छातीला टेकला, क्षणभर थांबला आणि सरळ वर गेला. विजयमाला समोरच बसली होती. आनंदाने तिला रडू फुटलं, आणि तिने ते लपवलंही नाही. घरी आल्यावर शिवतेजने गळ्यातलं पदक काढलं. ते तो आईच्या नाहीतर बापाच्या गळ्यात घालील, असं तिला वाटलं होतं. त्याने ते डब्याला घातलं.

"याच्यामुळं झालं," तो म्हणाला. "सांगलीला राज्य स्पर्धा आहे आई, पण दुकानदार बोलतो हा डबा आता येत नाही. डबा नसेल तर मी जाणार नाही. परत ती बेइज्जती नको."

फळीवर डबा पदक घालून ऐटीत बसला होता. विजयमालाला त्याचा मनापासून राग आला. पुन्हा भरून ठेवणं काही अवघड नव्हतं, चणाडाळ घरात होतीच. पण मग सांगलीचं पदकही यालाच जाणार, आणि पुढचंही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिने त्याला समोर बसवलं.

"शिवतेज, त्या डब्यात चणा हाय. आणि नाचणी. मी घातली."

तो हसला. मग तिचं तोंड पाहून हसायचा थांबला.

"कधीपासून?"

"तुझी पावडर मी वाळत घातलेली. वाऱ्यानं गेली. सुंठेचा वास आला ना, त्या दिवसापासून."

"म्हणजे स्पर्धेला..."

"स्पर्धेला चणाच होता. आणि तू होतास."

तो उठला आणि आतून आपली बॅग घेऊन बाहेर पडला. थोड्या वेळाने विजयमालाचं लक्ष फळीवर गेलं. पदक नुसतंच पडलं होतं, डबा नव्हता. नाल्यात फेकायला नेला असणार.

शहाजी कामावरून आला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"चाललं होतं की चांगलं. सांगायची काय गरज होती?"

"माझ्या पोराचं पदक पत्र्याच्या डब्याला?" विजयमाला म्हणाली. "न्हाई बघवलं मला."

दोघं उंबऱ्याशी बसून राहिली.

दिवेलागणीला शिवतेज आला. बार घसरू नये म्हणून जिममध्ये लावतात त्या खडूने हात पांढरे होते.

"शंभर गेलं?" शहाजीने विचारलं.

"गेलं. वर पाच किलो लावलं, ते पण गेलं."

विजयमालाने डोळे मिटून देवाला हात जोडले. मग तिने त्याला पाणी दिलं.

"डबा टाकलास न्हवं?"

शिवतेजने बॅग उघडून डबा काढला. आतून तो धुतल्यासारखा लख्ख होता.

"तळाला थोडी होती," तो म्हणाला. "आधी ती पाण्यात ढवळून प्यायलो. मग बार धरला."

"अरे, पण तुला म्हाईत होतं ना ते काय हाय?"

"तूच तर सांगितलंस."

त्याने डबा तिच्यापुढे ठेवला.

"भरून दे. सांगलीला न्यायचाय."

शहाजीने पंचा डोक्यावरून काढून त्याची नीट घडी घातली आणि खुंटीला अडकवला. विजयमालाने ताटात चणाडाळ घेतली आणि खडे निवडायला बसली.

"सुंठ घालू?" तिने विचारलं.

"जरा जास्तच घाल," शिवतेज म्हणाला.