बारा कोट, एक माप

परत आल्यावर पहिल्याच सकाळी मास्तर स्वतःच्या न्हाणीघरासमोर टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभे राहिले. रांगेत दुसरं कुणीच नव्हतं. आतही कुणी नव्हतं, दार सताड उघडं होतं. पण नऊ वर्षं आठ माणसांत एक न्हाणीघर वापरलेला माणूस, उघड्या दारातून सरळ आत शिरायला त्याचं मन घेईना.

लेकीनं हे पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला हळूच विचारलं, "बाबा कुणाची वाट बघतायत?"

लेक आता चौदा वर्षांची होती. मास्तर गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि "ए बाबा" म्हणत अंगावर उड्या मारायची. आता "अहो बाबा" म्हणायची आणि खोलीत शिरण्याआधी चेहरा नीट करायची, पाहुण्यासमोर करतात तसा. मास्तरांनाही तिच्याशी काय बोलावं ते सुचत नसे. "अभ्यास झाला का?" हा एकच प्रश्न त्यांनी आठवड्यात एकवीस वेळा विचारला असेल.

मास्तर शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. ते बायकोवर सोपवून मास्तर परदेशात कपड्यांच्या कारखान्यात गेले, दोन वर्षांसाठी म्हणून. दोनाची नऊ कशी झाली हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. तिथं त्यांनी शर्ट कापले, फक्त कापले. ऐंशी थर एकावर एक, वरून सुरी, खाली शर्टांच्या ऐंशी पाठी. शिवणारे निराळे, घालणारे तर कुठले कोण जाणे.

इकडे बायकोनं दुकान नुसतं चालवलं नाही, वाढवलं. दारात येणारी गिऱ्हाइकं मास्तरांकडे बघून विचारत, "बाई आहेत का?" मास्तर "आहेत" म्हणत आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसत. आपल्याच दुकानात आपण गिऱ्हाईक व्हावं यासारखा अपमान नाही. बरं, तो कुणी केलेलाही नव्हता, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

कारखान्याच्या मुकादमानं त्यांची जागा धरून ठेवली होती. तो आपल्याच बोलीचा, भला माणूस. शुक्रवारी फोन करतो, तेव्हा हो की नाही ते पक्कं सांगा, असं त्यानं बजावलं होतं. बायकोला हे ठाऊक होतं. ती 'जा' म्हणत नव्हती आणि 'राहा'ही म्हणत नव्हती. मास्तर मनातल्या मनात रोज विचारत होते की इथं माझं काम काय, आणि उत्तर काही येत नव्हतं.

गुरुवारी बायको लेकीला घेऊन बटणं आणायला बाजारात गेली. टेबलावर निळ्या कापडाचा तागा होता. दवाखान्यातल्या बारा आयाबाईंचे गुडघ्यापर्यंतचे कोट शनिवारी द्यायचे होते आणि अजून कापायचे होते. मास्तरांचे हात शिवशिवले. बायको येईपर्यंत बाराच्या बारा कापून ठेवले तर?

त्यांनी मापांची वही उघडली, बारा मापं वाचली, बेरीज केली, बारानं भागली. सहा-सहा थरांच्या दोन चळती लावल्या, चिमटे मारले, एकदाच खडू फिरवला आणि कात्री घातली. परत आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा हात आपसूक चालत होता. तासाभरात बारा कोट कापून तयार, कडा सुरीनं कापल्यासारख्या. ते चक्क शीळ घालत होते.

बायको आली. तिनं वरचा तुकडा उचलला, खालचा उचलला, एकावर एक धरले. मग बटणांची पुडी हलकेच खाली ठेवली.

"वही बघितली होतीत ना?"

"बघितली की. सरासरी काढली."

"ही सरासरीबाई कोण? तिला एकदा भेटायचंय मला." बायकोचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "थोरल्या आयाचा डावा खांदा खाली आहे. तीस वर्षं बादल्या उचलून. एक सातव्या महिन्यात आहे. एकीचे दंड माझ्या मांडीएवढे, एक नुसती काडी. हा कोट यातल्या कुणाला होणार?"

मास्तर वहीकडे बघत म्हणाले, "तिकडे अंगाचे चारच प्रकार असतात. नाही बसलं तर गिऱ्हाईक दुसरा आकार उचलतं."

"इथं गिऱ्हाइकानं दुसरं अंग कुठून उचलायचं?"

लेकीला हसू फुटलं आणि तिनं ते घाईघाईनं गिळलं. मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिकडच्या सवयीनं त्यांनी शिवणीत अर्धं बोटही जास्तीचं कापड सोडलं नव्हतं. सैल करायलाही जागा नव्हती.

"मी जातो परत," ते म्हणाले. "उद्या मुकादमाला हो म्हणून टाकतो. इथं माझ्या हातून नासाडीच व्हायची."

बायको आता मात्र भडकली.

"जायचं तर कंटाळून जा, माझ्याशी भांडून जा. कोट बिघडले म्हणून जाऊ नका! मी काय कमी बिघडवलंय? पहिल्या वर्षी एकीच्या झग्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आणि आत जाऊन रडले. सांगणार कुणाला? तुमचा फोन आला की 'सगळं ठीक आहे' म्हणायचे. तुम्हीही तिकडून तेच म्हणायचात. नऊ वर्षं दोघंही ठीकच होतो आपण!"

मास्तरांनी डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. टोक नव्हतं. "दारात सापडला म्हणून फोनवर सांगितलं होतं, ते खोटं," ते म्हणाले. "टोक सुरीखाली गेलं. तू घाबरशील म्हणून..."

बायकोनं तो अंगठा मुठीत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. लेक दारातच उभी होती. आपले आईवडील एकमेकांचे कुणीतरी आहेत, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदाच दिसलं असावं.

मग बायकोनं डोळे पुसले आणि उरलेलं कापड मोजलं. मास्तरांनी तुकडे इतके चिकटून मांडले होते की चांगलं तीन कोटांचं कापड वाचलं होतं. "हे मात्र मला कधी जमलं नाही," ती म्हणाली. त्यातून बाजूला आणि बगलेत कळ्या, म्हणजे जोडाचे तिकोनी तुकडे, घालता येणार होत्या. तिघांनी मिळून संध्याकाळपर्यंत बाराही कोटांना कच्चे टाके घातले.

शुक्रवारी दुपारी ते दोघं कोट घेऊन दवाखान्यात गेले. कपडे बदलायच्या खोलीत आयाबाई रांगेनं उभ्या राहिल्या. बायकोनं टेप मास्तरांच्या हातात दिली. नऊ वर्षांत त्यांनी एकाही जिवंत माणसाचं माप घेतलं नव्हतं. थोरल्या आयाच्या खांद्यावर ठेवलेली टेप त्यांनी दोनदा उचलून परत ठेवली.

"घाबरू नका मास्तर," थोरली आया म्हणाली. "चावत नाही मी. अजून जेवणाची सुट्टी झालेली नाही, तरीसुद्धा."

बायका खिदळल्या. मास्तरही हसले आणि हात ठरला. खाली आलेल्या खांद्यापाशी त्यांनी कापड चिमटीत धरलं, दाबलं, पुन्हा सोडलं. हे खडूनं आखून कळणारं नव्हतं. हात लावूनच कळत होतं.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. मास्तरांच्या एका हातात टेप, दुसऱ्यात चिमटीत धरलेला खांदा. बायकोनं फोन काढला, नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मुकादम आहेत. काय सांगू?"

"सांग, इथलं काम मला येत नाही," मास्तर खांद्यावरची नजर न काढता म्हणाले. "शिकायला वेळ लागेल. जागा दुसऱ्याला द्या म्हणावं."

बायकोनं फोन कानाला लावला. सगळं सांगायचं होतं, पण तिची नजर मास्तरांच्या चिमटीवरच अडकली होती. पलीकडून मुकादम "मास्तर, मास्तर" करत होता.

"ते कामात आहेत," ती कशीबशी म्हणाली. नऊ वर्षं तिनं फोन केला की तिकडून कुणीतरी हेच सांगून ठेवून द्यायचं. तिनंही ठेवून दिला.