यंदा मरायचं नाही

“बाई, मला पहिल्यांदा बघितलंत तेव्हा काय वाटलं तुम्हांला? खरं सांगायचं हां!”

राहीनं विचारलं आणि दाराआड तिच्या मैत्रिणी कमळा नि गोदा तोंडावर हात दाबून फिदीफिदी हसल्या. बाईंना हे विचारून दाखवायची पैज त्यांचीच. दमयंतीबाई बी.एड.च्या पाठांसाठी नववीवर आलेल्या, काखेत सदा मानसशास्त्राचं पुस्तक.

राहीची आजी रंगूनची. बोटीवर खलाशी असलेल्या आजोबांनी तिथून लग्न करून आणलेली. तिचे बारीक डोळे आईकडे आले, आईकडून राहीकडे. मांडवीतली पोरं तिला ‘चिनी’ म्हणत. शाळेच्या संमेलनात दरवर्षी बासष्टच्या लढाईचं नाटक, आणि त्यात चिनी शिपाई राहीच! सलग तीन वर्षं ती टाळ्यांच्या कडकडाटात मेली होती.

बाई हसल्या नाहीत. “वाटलं, हिला मराठी नीट येत नसेल. म्हणून तुला सगळ्यांत सोपा प्रश्न विचारला.”

“मराठीत पहिली येते मी!”

“ते नंतर कळलं. मन घाई करतं गं. चेहरा दिसला की माणूस ठरवून मोकळं होतं. पूर्वग्रह म्हणतात याला. परीक्षेत पानभर लिहिलं मी यावर, आणि वर्गात येऊन तेच केलं.”

“मग तो जातो कसा?”

“आपणहून नाही जात. कुणीतरी अडवावं लागतं. आत्ता तू अडवलंस तसं.”

संध्याकाळी नाटकाच्या तालमीत, नाटक बसवणाऱ्या काशीराम सरांनी लाकडी बंदूक पुढे केली. “आली आमची चिनी! हिला रंगसुद्धा लावायला नको.”

सगळे हसले. राहीनं बंदूक घेतलीच नाही. “सर, मला यंदा आपल्या बाजूचा मेजर करा. त्याचे संवाद पाठ आहेत मला.”

“मेजर? आरशात तोंड बघितलंस काय?”

“रोज बघते सर. छान आहे!”

ती घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती.

“सरांना उलट बोललीस?” बाबा कडाडले. “अगो, नाटकात मेलं म्हणून कोण खरं मरतं काय?”

आई बांगड्याच्या तुकड्यांना मसाला चोळत होती. मान वर न करता म्हणाली, “मलापण चिनी म्हणायचे. हसायचं नि सोडायचं, बाय.”

“तू हसलीस, मीपण हसले. थांबले काय ते?”

आईचा हात थांबला. तिनं मान वर करून राहीकडे पाहिलं.

“बाबा, उद्या परत जाणाराय मी सरांकडे. मेजर केलं तर करीन. नाय केलं तर पहिल्या रांगेत बसून नाटक बघीन. पण यंदा मी मरणार नाय.”