मला वेळेत बदललं असतं तर

मी एक माउस आहे, गेमिंगचा. म्हातारी झालेली वस्तू ‘मला टाकू नका’ म्हणून रडते, असं तुम्ही ऐकलं असेल. मी ‘मला टाका, लवकर टाका’ म्हणून रडतोय, आणि कोणाला ऐकू जात नाही.

माझा जन्म कुठल्याशा परमुलखातल्या कंपनीत झाला. तिथलं फारसं आठवत नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते पेणजवळच्या हमरापुरात, मनस्वीच्या हातात. तिच्या घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. वडील काळुराम मूर्ती घडवतात, आई अनिता रंग देते आणि डोळ्यांची आखणी मनस्वी करते. या घरात डोळे काढणाऱ्याचा मान मोठा. ती आखणीला बसली की पंखासुद्धा बंद करतात.

कारखान्याच्याच कोपऱ्यात तिचा संगणक. काम उरकून ती खेळायला बसायची तेव्हा नखांत रंग असायचाच, त्यामुळे माझी पाठ कायम सोनेरी, पोपटी. खेळात शत्रू दिसला की गोळ्या सुटत राहाव्यात म्हणून माझं डावं बटण दाबून धरायचं आणि नेम हलू द्यायचा नाही. तिचा हात तसूभर हलत नसे. मला त्या हाताचा भारी गर्व होता.

पण मी झिजलो. बाजूचं रबर सोललं, चाक करकरायला लागलं. नेमका तेव्हाच रोह्याच्या हितेशचा फोन आला. त्याच्या संघात एक जागा रिकामी होती. रविवारी रोह्याच्या गेमिंग कॅफेत खेळून दाखवायचं, आपापला माउस घेऊन यायचं. मनस्वी किती दिवस याचीच वाट बघत होती!

मग पेणच्या दुकानात माझा वारसदार निवडणं सुरू झालं. मला शेजारी ठेवून ती एकेक उचलून बघत होती. एक तिच्या तळव्याला मोठा, एक इतका हलका की हातात आहे असं वाटेचना, एकावर नुसते दिवेच दिवे. मग अजून एक उचलला आणि बोटं आपोआप जागेवर बसली. “हाच,” ती म्हणाली. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू?

शनिवारी संध्याकाळी ती शेवटचा सराव माझ्यावरच करत होती. बटण दाबून धरलं होतं आणि माझ्या बटणाखालची झिजलेली पट्टी मधेच सुटली, गोळ्या थांबल्या. क्षणभरच. थोड्या वेळाने पुन्हा सुटली. तिला वाटलं, आपलंच बोट निसटलं. माझा जळफळाट तिथल्या तिथे विझला. ती नव्याचं खोकं उघडायला गेली तेव्हा मी सुटकेचा नि:श्वास टाकला.

तेवढ्यात काळुराम तिथे आले. “उद्या नवा नेतेस? नव्या ब्रशानं पयल्याच दिवशी कोण डोळे काढतं गो? आधी त्याला मुकुटावर, पाटावर फिरवायचा. हात बसला का मग डोळे.”

“व्हय बाबा, हे बरोबर हाय,” ती म्हणाली. “जुन्यावर हात बसलाय माझा.”

खोकं मिटलं. अगं बाई, ब्रशाची गोष्ट वेगळी! तो जुना झाला की वळणावर येतो. मी जुना झालो की दगा देतो. मी जिवाच्या आकांताने दिवा लुकलुकवला, तर तिने फडक्याने माझी पाठ पुसली आणि मला पिशवीत ठेवलं.

रोह्यात ती सुंदर खेळली. शेवटच्या डावात समोर एकच गडी उरला होता, तोही तिच्या नेमात. तिने बटण दाबलं. माझ्यात होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी ते धरलं. नाही धरवलं.

“गोळी थांबवलीस कशाला गो?” हितेश ओरडला.

“मी नाय थांबवली... बोट सुटला वाटतं.”

जागा खांब गावच्या मिथुनला मिळाली.

आज सकाळी मोठी मूर्ती रंगवून झाली. काळुरामांनी पंखा बंद केला. मनस्वी ब्रश घेऊन मूर्तीसमोर बसली आणि तशीच बसून राहिली. मग तिने ब्रश खाली ठेवला.

“बाबा, तुमीच काढा. माझा हात सुटतो आता.”

“तुझा हात? काय बोलतेस?”

ती आत गेली. काळुरामांनी ब्रशाला हात लावला नाही.

तुमच्यापैकी कोणी इकडे आलंच, तर पाया पडतो, तिला हाक मारा. माझं डावं बटण तिच्यासमोर दाबून धरा, ते कसं सुटतं ते तिला बघू द्या. मग मला खुशाल खाडीत फेका. पण लवकर या. मूर्ती डोळ्यांवाचून उभी आहे आणि तिला वाटतंय, चूक तिच्या हाताची आहे.